दुरुस्त झालेला पंखा

बॅगेचं वजन साडेसव्वीस किलो भरलं, तेव्हा आक्कांनी सगळ्यांकडे असं पाहिलं, जणू हा आकडा त्यांनी आधीच सांगून ठेवला होता आणि कुणी ऐकून घेतलं नव्हतं.

वजन खालच्या, विजेच्या मोटारी दुरुस्त करायच्या वर्कशॉपमध्ये, तांब्याची तार तोलायच्या काट्यावर केलं होतं, त्यामुळे वाद घालायला जागा नव्हती. ह्या घरात गादीच्या कापसापासून नवजात बाळापर्यंत सगळं आजवर त्याच काट्यावर चढलं होतं. विमानात तेवीस किलो चालणार होते. वरचे साडेतीन किलो कशाचे, हे एकट्या तात्यांना ठाऊक होतं आणि ते सांगायच्या बेतात नव्हते.

"स्वेटर जास्त झाले असतील," माई म्हणाल्या.

"दोन स्वेटर साडेतीन किलोचे?" आक्का म्हणाल्या. "मेंढीसकट भरलेत की काय?"

चिरंजीव हसले. सून हसू दाबत कॉइलची रिळं आवरायला लागली. तात्यांनी बॅगेच्या कडीला धरून ती काट्यावरून उतरवली.

"काय काढायचं ते मी बघेन. बॅगेला कुणी हात लावू नका," असं म्हणून ते केस कापायला निघून गेले. रविवारी केशकर्तनालय एकला बंद होत असे आणि वाढलेल्या केसांनी भावासमोर उभं राहायची त्यांची तयारी नव्हती. आपल्या घरातली माणसं हात लावू नका म्हटल्यावर नेमकं काय करतात, हे अडुसष्टाव्या वर्षी त्यांना कळायला हवं होतं.

केशकर्तनालयात चार खुर्च्या भरलेल्या, मशिनी घुरघुरत होत्या, कोपऱ्यात टीव्ही बडबडत होता. तात्यांना बरं वाटलं. गेल्या अकरा महिन्यांत त्यांना असल्या गजबजलेल्या जागा आवडू लागल्या होत्या. बँकेतली रांग, पिठाची गिरणी, शाळा सुटायच्या वेळचा रस्ता. ज्या माणसाने चाळीस वर्षं "जरा गप्प बसा, मला मोटार ऐकू दे" म्हणून सगळ्यांना दटावलं, तो आता गोंगाट शोधत हिंडत होता.

सुरुवात वर्कशॉपमध्येच झाली होती. एका दुपारी सगळे जेवायला वर गेलेले असताना त्यांना बारीक किणकिण ऐकू आली, एकसारखी, न तुटणारी. त्यांना वाटलं, कुठली तरी मोटार चालू राहिली. त्यांनी एकेक करून सगळी बटणं बंद केली. किणकिण चालूच. मग मेन स्विच खाली ओढला. सगळं वर्कशॉप मेल्यासारखं गप्प झालं आणि ती किणकिण आणखीच स्पष्ट ऐकू आली. तरीही आवाज आपल्या डोक्यात असेल, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. पुढचे पंधरा दिवस त्यांनी घरातला फ्रिज मागून उघडला, दोन ट्यूबलाइटचे चोक बदलले, पाण्याचा पंप खोलून परत बसवला. माई खूश होत्या. लग्नाच्या इतक्या वर्षांत नवऱ्याने न सांगता घरातलं काही दुरुस्त केल्याचं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं.

शेवटी कानाच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना काचेच्या खोलीत बसवून तपासलं. वर्षानुवर्षांच्या आवाजाने आतली नस झिजली आहे, म्हणाल्या. हे पुरतं जाईलच असं नाही, सवय होईल. अगदी शांततेत बसू नका, आसपास हलका आवाज चालू ठेवा. तात्यांनी फी दिली, कागद खिशात घातला आणि घरी कुणाला काही सांगितलं नाही. कसं सांगणार? आख्ख्या बाजारात त्यांचं नाव होतं ते कानांवर. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीवर आणि मूठ कानाला टेकवून ते बेअरिंग कुठलं गेलं, किती दिवस टिकेल, हे सांगत. गिऱ्हाइकं त्यांना डॉक्टर म्हणत. डॉक्टरलाच रोग जडल्याची बातमी बाजारात फुटून चालणार नव्हती.

त्यातून हा प्रवास उपटला होता.

त्यांचा धाकटा भाऊ बावीस वर्षांपूर्वी समुद्रापलीकडच्या एका थंड देशात जाऊन राहिला. घरात त्याला रेडिओ म्हणत, कारण तो सकाळी सुरू व्हायचा आणि झोपेपर्यंत चालायचा. त्या रेडिओच्या घशात गाठ निघाली होती. येत्या गुरुवारी सकाळी त्याचं स्वरयंत्र काढून टाकणार होते. सोमवारी संध्याकाळी निघालं की तात्या मंगळवारी सकाळी पोचत होते. म्हणजे भावाचा आवाज ऐकायला त्यांना पुरते दोन दिवस मिळत होते, एका तासानेही जास्त नाही.

आणि मागच्या आठवड्यात लाँड्रीवाल्याने सहज म्हणून सांगितलं होतं, की विमान उतरताना त्याचे कान जे बसले ते तीन आठवडे उघडले नाहीत. तात्यांनी त्याच्याकडून इस्त्रीचे कपडे घेतले आणि पैसे द्यायचे विसरून घरी आले. चांगल्या कानाची ही गत, तर आपल्या कानांचं काय होणार? एवढं नऊ तास उडत जायचं आणि भाऊ बोलतोय, ओठ हलतायत, नि आपण बहिऱ्यासारखे बघत बसलोय. हा विचार आला की किणकिण दुप्पट व्हायची.

ते घरी परतले तेव्हा जेवणाच्या टेबलाभोवती सगळे गोळा झाले होते आणि सगळ्यांचे चेहरे वाढदिवसाला असतात तसे होते. टेबलाच्या मधोमध त्यांचा जुना टेबलफॅन उभा होता. पुसून लख्ख केलेला. पाती गरगर फिरत होती.

आवाज मात्र कसलाच नव्हता.

"बघा!" चिरंजीव म्हणाले. "शाफ्ट फिरतो तो बुश पार झिजला होता. नवा टाकला, शाफ्ट घासून घेतला, तेल दिलं. आता विमानात न्या नाहीतर चंद्रावर न्या, हूं की चूं करणार नाही."

"बॅग उघडली तुम्ही," तात्या म्हणाले.

"मी उघडली," आक्का म्हणाल्या. छत्तीस वर्षं मुलींची शाळा चालवलेल्या ह्या थोरल्या बहिणीला दुसऱ्याची बॅग उघडण्यात काही वावगं वाटत नसे. "दोन स्वेटरच्या मध्ये पंखा. अरे, तिकडे बर्फ पडतं. तिथे पंखा कशाला नेतोस? तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"नेणारच असतील तर नीट तरी करून दे, असं मीच म्हटलं ह्याला," माई म्हणाल्या. "अकरा महिने ती खडखड ऐकतेय मी उशाशी. एक शब्द काढला नाही. म्हटलं भावजींच्या घरी जाऊन तरी त्यांना जागवू नका."

तात्या खुर्ची ओढून बसले. पंखा फिरत होता, वारा तोंडावर येत होता, आणि त्या नव्या शांततेत कानांतली किणकिण वर चढत चालली होती. त्या खडखडीने ती कशी अर्धी झाकली जायची, हे ह्या चौघांना कसं सांगायचं? पंखा विकत घ्यायला निघालं तर बाजारात हजार मिळतील. पण बरोब्बर त्यांच्या कानातल्या आवाजावर बसणारी खडखड त्या एकट्या पंख्यात होती.

"पूर्वीसारखा कर," ते म्हणाले.

"काय?"

"ती खडखड परत आण."

चिरंजीवांनी आईकडे पाहिलं, आईने आक्कांकडे, आक्कांनी छताकडे. एकट्या सुनेने कुणाकडे पाहिलं नाही. ती तात्यांच्या हाताकडे बघत होती. ते डाव्या हाताच्या बोटाने कानामागे दाबत होते, वर्कशॉपमध्ये दाबायचे तसेच.

"तात्या," ती म्हणाली, "तुम्हाला कानात काही होतंय का?"

आता खोटं बोलायचं तर ते जमेल असं बोलायला हवं होतं, आणि तात्यांना ते कधीच जमलं नव्हतं. त्यांनी सगळं सांगून टाकलं. मेन स्विच, फ्रिज, काचेची खोली, डॉक्टरीणबाई, पंखा. आधी डावा कान, मग चार महिन्यांनी उजवाही. सांगताना त्यांचा आवाज इतका सरळ होता, की ते दुसऱ्याच कुणाच्या मोटारीबद्दल बोलत आहेत असं वाटावं. लाँड्रीवाल्याचं सांगताना मात्र ते मध्येच थांबले आणि पाणी प्यायले.

माईंनी पंख्याचं बटण बंद केलं. "आणि मी तो दुरुस्त करायला सांगितला," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला सांगायचंत तरी. मी काय बाजार आहे?"

"तुला सांगितलं असतं तर मला ते खरं वाटायला लागलं असतं," तात्या म्हणाले. ह्यावर माईंनी पदराने डोळे पुसले आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्या.

चिरंजीवांना वेगळाच हिशेब लागला होता. "म्हणजे तुम्ही हिला शिकवत होता, मोटारीला कान लावायला... ते शिकवणं नव्हतं?"

सूनही आता तात्यांकडे पाहायला लागली. गेले आठ महिने तात्या तिच्या हातात स्क्रूड्रायव्हर देऊन "बघ, तुला काय वाटतं" असं विचारत होते. घरात त्याची केवढी चर्चा झाली होती. चिरंजीव तर दोन दिवस जेवताना बोलले नव्हते; वीस वर्षं बापाच्या हाताखाली काढून त्यांना एकदाही कुणी काय वाटतं म्हणून विचारलं नव्हतं.

"पहिले दोन महिने नव्हतं," तात्या म्हणाले. "मला ऐकू येत नव्हतं म्हणून विचारायचो आणि ती सांगेल त्यात माझं थोडं मिसळून गिऱ्हाइकाला सांगायचो. पुढे पुढे मिसळायची गरज पडेना. तीच बरोबर असायची." मग मुलाकडे वळून म्हणाले, "तुला विचारलं असतं तर तू पाच मिनिटांत ओळखलं असतंस. तू माझा हात बघत मोठा झालास."

चिरंजीवांना ह्यावर राग धरावा की सोडावा हे पटकन ठरवता आलं नाही. त्यांनी राग बाजूला ठेवला आणि एकदम कामाचं बोलायला लागले. "मग प्रश्नच मिटला. उद्या जायचं नाही. तिकीट बदलून घेऊ. आधी कान नीट दाखवू, डॉक्टर हो म्हणाले की महिनाभराने जा. तोवर काकांचं ऑपरेशनही आटोपलेलं असेल, ते शुद्धीवर, तुम्ही शांत."

सकाळपर्यंत हेच चिरंजीव तिकिटाचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून बापामागे हिंडत होते. आणि सकाळपर्यंत आक्का ह्या प्रवासाच्या कट्टर विरोधात होत्या. एवढ्या थंडीत, ह्या वयात, एकट्याने, दवाखान्याच्या बाकावर बसायला कशाला जायचं, आणि तुम्हा दोघांचं तासभर तरी पटतं का, हे त्यांनी तीन दिवसांत निदान सात वेळा विचारलं होतं. माईंना वाटलं, आता वन्सं जिंकल्या.

"गप रे," आक्का भाच्याला म्हणाल्या. "महिनाभराने जाऊन काय ऐकणार तो? एकाचा आवाज चाललाय, एकाचे कान चाललेत, आणि तू तिकीट बदलायच्या गोष्टी करतोस? उद्याच जायचं."

"आत्या, तूच तर..."

"मी म्हणत होते, कारण मला वाटलं ह्याला जायचं नाहीये आणि भिडेपोटी निघालाय. तोंड कसं पाडून बसायचा ते पाहिलंस ना? मला काय माहीत ह्याला न ऐकू येण्याची भीती आहे म्हणून."

"पण वन्सं, खरंच कान बसले तर?" माई म्हणाल्या. त्यांना हे विचारायचं नव्हतं, पण कुणी तरी विचारायला हवं होतं.

सून उठली आणि तात्यांनी दाखवलेला डॉक्टरीणबाईंचा कागद वाचायला लागली. "दवाखाना उद्या दहाला उघडतो. विमान संध्याकाळी सातचं. मी येते तुमच्याबरोबर, विचारून घेऊ. विमान खाली उतरताना काय करायचं, काही औषध हवं का, सगळं. तुम्ही हे विचारलंच नसेल ना त्यांना?"

"तेव्हा जायचं कुठे ठरलं होतं?"

"मग लाँड्रीवाल्याचं ऐकून घाबरलात?" ती म्हणाली आणि तात्यांना तीन आठवड्यांत पहिल्यांदा थोडं हसू आलं.

चिरंजीव तोवर जिना उतरून खाली गेले होते. ते भंगाराच्या डब्यातून जुना बुश शोधून घेऊन आले, पंखा आडवा पाडला आणि नवा बुश काढून जुना बसवला. बटण दाबलं. पंखा कण्हल्यासारखा काही तरी आवाज करू लागला. ती खडखड नव्हती.

"शाफ्ट घासलास ना," तात्या म्हणाले. "आता तशी नाही व्हायची. मागचा स्क्रू अर्धा आटा सैल कर. आणखी थोडा. थांब, आता जाळी ढिली कर डावीकडची. तुला काय वाटतं, जवळपास आलं?"

चिरंजीव वाकलेले होते, ते तसेच क्षणभर थांबले. मग त्यांनी पात्याला बोट लावून पाहिलं, जाळीचा एक चिमटा काढला आणि म्हणाले, "आता बघा." पंखा खडखडायला लागला. हुबेहूब नव्हता, पण चालण्यासारखा होता. सुनेने मोबाइल पुढे धरून ती खडखड दहा मिनिटं रेकॉर्ड करून घेतली, पुन्हा पुन्हा वाजेल अशी लावून दिली, आणि पंखा घरीच राहिला. बॅग पुन्हा काट्यावर न्यायची गरज नव्हती. साडेसव्वीसातून साडेतीन वजा करायला आक्का पुरेशा होत्या.

इतकं होऊनही तात्या खुर्चीतून उठले नाहीत. बॅग झाली, दवाखाना ठरला, खडखड मोबाइलमध्ये गेली, तरी त्यांचा पाय घरातून निघत नव्हता. माईंनी ते ओळखलं.

"भावजींशी बोला," त्या म्हणाल्या. "दोन महिने झाले, त्यांचा फोन आला की तुम्ही माझ्याकडे देता. जाऊबाई परवा म्हणत होत्या, त्यांना वाटतं दादा रागावलाय."

"मी रागावलो नाही."

"ते त्यांना सांगा."

फोनवरचा बारीक आवाज किणकिणीत बुडून जातो, हे खरं कारण होतं. आणखीही एक होतं. गेल्या उन्हाळ्यापासून रेडिओचा आवाज घोगरा होत चालला होता आणि तो तसा ऐकवत नव्हता.

सुनेने फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि तात्यांच्या उजव्या बाजूला खुर्ची ओढून बसली. "काका जे बोलतील ते मी तुम्हाला मोठ्याने सांगते. तुम्ही फक्त बोला."

पलीकडून काही तरी खरखरलं.

"विचारतायत, दादा, तू स्वतः? कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही," तात्या म्हणाले. "ऐक. मी तुझे फोन टाळत होतो. माझे कान बिघडलेत. अकरा महिने झाले, आतून आवाज येतो, थांबत नाही. फोनवर तुझं मला काही कळत नाही. म्हणून फोन हिच्याकडे द्यायचो."

बराच वेळ खरखर. सुनेने वाट पाहिली, मग म्हणाली, "म्हणतायत, मला वाटलं माझा आवाज तुला ऐकवत नाही."

"तेही होतं," तात्या म्हणाले.

माईंनी मान खाली घातली. आक्का खिडकीजवळ जाऊन उभ्या राहिल्या होत्या, त्या परत टेबलाशी आल्या.

"आता खरं सांगतो," तात्या म्हणाले. ते फोनकडे वाकून बोलत होते. "तिकीट आहे, बॅग भरलीय. पण विमानात कान बसले तर मला काहीच ऐकू येणार नाही. एवढ्या लांब यायचं, तू बोलायचंस आणि मी नुसता बघत बसायचं. मग माझा काय उपयोग तुला?"

ह्या वेळी पलीकडचं बोलणं लांबलं. मध्ये खोकला आला, थांबलं, पुन्हा सुरू झालं. तात्यांना किणकिण ऐकू येत होती आणि तिच्या मागे कुठे तरी ओळखीचा चढउतार, शब्द नसलेला. बोलणं संपलं. सुनेने तोंड उघडलं आणि मिटलं.

"काय म्हणाला?" तात्यांनी विचारलं.

तिने चिरंजीवांकडे पाहिलं, ते पंख्याची जाळी हातात घेऊन उभे होते.

"अगं, काय म्हणाला तो?"

आक्कांनी तात्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि शाळेत मागच्या बाकापर्यंत पोचवायच्या त्या स्वच्छ आवाजात सांगितलं, "तो म्हणतोय, बुधवारी मला आवाज संपेपर्यंत बोलायचंय. दादाला ऐकू आलं नाही तरी चालेल. जन्मभर मी बोललो तेव्हा तो ऐकत कुठे होता, स्क्रूड्रायव्हर लावून बसलेला असायचा. पण समोर असायचा. तो नाही आला तर मी कुणासमोर बोलू, असं विचारतोय."

तात्यांनी टेबलावरचा फोन दोन्ही हातांनी उचलला.

"त्याला म्हणावं, उद्या संध्याकाळचं विमान आहे," ते म्हणाले. पलीकडे सगळं सरळ ऐकू जातंय, हे ते विसरले होते. "मंगळवारी सकाळी पोचतो. तोवर एक शब्द बोलू नकोस म्हणावं. कुणाशीच नाही. सगळं राखून ठेव."

सुनेने काही सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. पलीकडची खरखर थांबली.

"कट झाला का?" चिरंजीवांनी विचारलं.

सुनेने वाकून फोनजवळ कान नेला. "नाही. लाइनवर आहेत. श्वास ऐकू येतोय." मग तात्यांकडे वळून ती मोठ्याने म्हणाली, "गप्प बसलेत, तात्या."

तात्यांना तो श्वास ऐकू येत नव्हता. तरी पुष्कळ वेळ त्यांनी फोन खाली ठेवला नाही.